अर्ध्यावर राहिलेली गोष्ट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस नवल वाटेल. सारें आयुष्य शाळेंत इतिहास आणि मराठी शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या पेन्शनर मास्तरानें भुताखेतांच्या एका अमेरिकन चित्रकथेविषयीं, आणि तिच्यावरून काढलेल्या व मध्येंच बंद केलेल्या दूरचित्रवाणीच्या मालिकेविषयीं बोलावें, हें वयाला शोभण्यासारखें आहे काय, असेंही कोणी विचारील. परंतु या विषयाच्या शोधांत मी गेलों नव्हतों; तोच एका रविवारीं जेवणाच्या वेळीं माझ्या पानापर्यंत चालत आला.

त्या दिवशीं माझा पुतण्या मुंबईहून आला होता. तो आतां चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. आणि माझी कन्या त्याच्याहून पंधरा वर्षांनीं लहान. भात वाढला जात असतांना दोघांचें कांहीं तरी जुंपलें. पुतण्या कोणा 'कॉन्स्टंटाइन'विषयीं बोलत होता आणि कन्या 'कॉन्स्टंटीन'विषयीं. हे दोन निरनिराळे गृहस्थ असावेत असें मला वाटलें, आणि इतिहासाचा शिक्षक या नात्यानें मीं मध्यें रोमन बादशहाचें नांव काढलें. दोघेंही हंसलीं. मग उलगडा झाला कीं गृहस्थ एकच. चित्रकथेचे जुने वाचक नांवाचा शेवट 'टाइन' असा करतात, आणि चित्रपटांत व मालिकेंत त्याचा 'टीन' झाला. एवढ्या एका उच्चारावरूनही चाहत्यांत तट पडलेले आहेत! जी मालिका २०१५ सालीं बंद झाली, तिच्यासाठीं दहा वर्षें उलटून गेल्यावर दोन शहाणीं माणसें आमटी निवत ठेवून भांडतात, हें पाहून मला कुतूहल वाटलें. पुढले दोन महिने मीं त्या चित्रकथा मागवून वाचल्या, मालिकेचे तेराही भाग पाहिले, आणि दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें. त्याचा वृत्तांत आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम हा जॉन कॉन्स्टंटाइन कोण, तें सांगितलें पाहिजे. १९८५ सालीं अमेरिकेंतील डी. सी. कॉमिक्स या प्रकाशनाच्या 'स्वॉम्प थिंग' नांवाच्या मासिक चित्रकथेच्या ३७ व्या अंकांत तो वाचकांपुढें आला. लेखक ॲलन मूर हे इंग्रज गृहस्थ. त्यांचे सहकारी चित्रकार स्टीव्ह बिसेट व जॉन टॉटलबेन यांना स्टिंग या इंग्रज गायकाच्या चेहऱ्यामोहऱ्याचें एक पात्र रेखाटण्याची हौस होती. त्या हौसेंतून हा जन्मास आला. चित्रकथेच्या नायकाला शोभेल असें त्याच्या अंगीं कांहींच नाहीं. मळकट ओव्हरकोट, गळ्याशीं सैल सुटलेला टाय, पिवळसर केस आणि बोटांत सदैव सिगारेट. गांव लिव्हरपूल, घराणें कामकऱ्याचें. त्याला आकाशांत उडतां येत नाहीं कीं डोंगर उचलतां येत नाहीं. मंत्रतंत्राची विद्या बेताची आणि लबाडी मात्र भरपूर. १९८८ च्या जानेवारींत 'हेलब्लेझर' हें त्याचें स्वतंत्र मासिक निघालें. त्याचे पहिले लेखक जेमी डिलेनो आणि पहिले चित्रकार जॉन रिजवे. हें मासिक पंचवीस वर्षें चालून २०१३ सालीं ३०० व्या अंकास थांबलें. या काळांत त्याचा नायकही वाचकांबरोबर वयानें वाढत गेला. चित्रकथांचे नायक सहसा म्हातारे होत नाहींत, हा झाला.

भुतांच्या गोष्टी आपणांस नव्या नाहींत. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेला आहे. परंतु कॉन्स्टंटाइनच्या गोष्टींत भिण्यासारखें जें आहे, तें भूत नव्हे. भुताशीं केलेल्या व्यवहाराची किंमत हें आहे. तरुणपणीं न्यूकॅसल या गांवीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं ॲस्ट्रा नांवाच्या एका लहान मुलीची पिशाचबाधा दूर करावी म्हणून दुसरें मोठें पिशाच बोलाविलें. तें त्याच्या आटोक्यांत राहिलें नाहीं, आणि ज्या मुलीला वांचवावयाचें तीच नरकांत ओढली गेली. या धक्क्यानें तो वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन पडला. पुढें तो बरा झाला, पण तें पाप त्याच्या पाठीवरून कधीं उतरलें नाहीं. विद्या याची, धाडस याचें, आणि किंमत बहुधा मित्रांच्या प्राणांची, असा या कथेचा नियमच होऊन बसला आहे. एके ठिकाणीं मात्र ती किंमत त्याच्या स्वतःच्या देहावर आली. १९९१ सालीं गार्थ एनिस या लेखकानें त्याच्या फुप्फुसांत कर्करोग घातला. अखंड धूम्रपानाचें तें सरळ फळ. तेव्हां या पठ्ठ्यानें काय करावें? नरकाच्या तीन अधिपतींपैकीं एकाचा त्याच्या आत्म्यावर डोळा होताच. यानें तोच आत्मा गुपचूप उरलेल्या दोघांसही विकला. आतां हा मेला तर तिघांत युद्ध पेटणार. म्हणून त्या तिघांनाच त्याचा रोग बरा करणें भाग पडलें! ही गोष्ट माझा पुतण्या कॉलेजांत असतांना मुंबईस फोर्टांतील पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून घेऊन आला होता, आणि तेव्हांपासून तो या लबाड माणसाचा भक्त झाला.

आतां मालिकेकडे वळतों. तिच्याआधीं २००५ सालीं याच पात्रावर एक चित्रपट निघाला. त्यांत किआनु रीव्ह्ज या नटानें नायकाचें काम केलें. केस काळे, बोलणें अमेरिकन, गांव लॉस एंजेलिस. चित्रपट म्हणून तो कित्येकांस आवडला, पण जुन्या वाचकांनीं कपाळावर हात मारला. लिव्हरपूलचा माणूस कॅलिफोर्नियांत नेऊन ठेवल्यावर त्याचें राहिलें काय, असें त्यांचें म्हणणें. म्हणून २०१४ सालीं एन. बी. सी. या अमेरिकन संस्थेनें दूरचित्रवाणीसाठीं नवी मालिका हातीं घेतली, आणि वेल्समधील मॅट रायन हा नट पिवळे केस, सैल टाय व तो मळका कोट घालून इंग्रजी वळणानें बोलूं लागला, तेव्हां या मंडळींस हरवलेला नातलग घरीं परत आल्यासारखें झालें. डेव्हिड गॉयर व डॅनियल सेरोन हे या मालिकेचे कर्ते. २४ ऑक्टोबर २०१४ रोजीं, शुक्रवारीं रात्रीं दहा वाजतां, पहिला भाग दाखविला गेला.

पहिल्या रात्रीं सुमारे ४३ लाख लोकांनीं तो पाहिला. आपल्याला हा आंकडा प्रचंड वाटेल. तिकडील मोठ्या संस्थेच्या हिशेबांत तो बेताचा होता, आणि पुढें तो उतरत गेला. नोव्हेंबरांतच संस्थेनें ठरविलें कीं कबूल केलेल्या तेरा भागांपलीकडे यंदा मागणी द्यावयाची नाहीं. तिकडे यशस्वी मालिकेच्या एका हंगामाचे बावीसच्या आसपास भाग होण्याची चाल होती. तेरांवर थांबविणें म्हणजे काय, हें जाणत्यांस सांगावें लागत नाहीं. जानेवारींत वेळ बदलून रात्रीं आठ केली. १३ फेब्रुवारी २०१५ रोजीं तेरावा भाग झाला, आणि ८ मे रोजीं मालिका बंद झाल्याचें जाहीर झालें.

तेथून वादास जो आरंभ झाला, तो माझ्या पानापर्यंत पोंचला. या वादाचे मला मुख्यतः चार मुद्दे दिसले.

पहिला मुद्दा सिगारेटचा. आपला नायक पडद्यावर धूम्रपान करणार नाहीं, असें संस्थेचें धोरण आरंभीं प्रसिद्ध झालें. मालिकेंत तो बहुधा सिगारेट विझवितांना किंवा लायटर चाळवितांना दिसे. धूर काढतांना क्वचितच. एक पक्ष म्हणतो, घरोघर मुलें पाहतात तेथें हें योग्यच होतें, आणि सिगारेट म्हणजे कांहीं माणूस नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, सिगारेट काढली कीं कर्करोग गेला, आणि कर्करोग गेला कीं त्या माणसाची सर्वांत मोठी गोष्टच गेली. माझा पुतण्या या दुसऱ्या पक्षाचा.

दुसरा मुद्दा त्याच्या प्रेमप्रकरणांचा. कॉन्स्टंटाइनच्या आयुष्यांत स्त्रिया होत्या तसे पुरुषही होते, असें 'हेलब्लेझर'च्या १९९२ सालच्या एका अंकांत त्याच्याच तोंडून आलेलें आहे. मालिकेनें त्या गोष्टीचा उच्चार केला नाहीं. कित्येक चाहत्यांना तें अतिशय लागलें. कारण ज्यांना स्वतःसारखा माणूस पडद्यावर क्वचितच दिसतो, त्यांच्या दृष्टीनें ही उणीव किरकोळ नव्हती. इतर म्हणतात, तेरा भागांत सर्वच गोष्टी कशा येणार? माझी कन्या मालिकेची कैवारी खरी, पण या मुद्द्यावर तिनें मालिकेची बाजू घेतली नाहीं.

तिसरा मुद्दा कर्त्यांच्या चुकीचा. पहिल्या भागांत लिव्ह नांवाची एक तरुणी नायकाची सोबतीण म्हणून आणली. पण बेत बदलला, आणि त्याच भागाच्या शेवटीं तिला निरोप देऊन दुसऱ्या भागापासून चित्रकथेंतील झेड ही आणली. वाचकांस झेड ओळखीची होती, म्हणून त्यांना आनंद झाला. नवख्या प्रेक्षकास मात्र, ज्या बाईंशीं आपली काल ओळख करून दिली त्या आज गेल्या कोठें, असा प्रश्न पडला. आरंभींच ठेंच लागलेला प्रवासी पुढें लंगडतो, असें टीकाकार म्हणतात.

चौथा मुद्दा संस्थेच्या हिशेबाचा. तेथें कार्यक्रमाचा खर्च जाहिरातींतून निघतो, आणि जाहिरातदार विशेषेंकरून १८ ते ४९ या वयाचे प्रेक्षक किती, हें पाहून पैसे मोजतो. ही शिरगणती नीलसन या कंपनीकडे. चाहत्यांचा आक्षेप असा, कीं शुक्रवारीं रात्रीं तरुण मंडळी घरीं असतात कोठें? तीं कार्यक्रम टिपून ठेवून सवडीनें पाहतात, आणि त्या पाहण्याला जाहिरातदार पुरतें मोल देत नाहीं. म्हणजे मालिका लोकांना आवडली नाहीं असें नव्हे. ज्या वेळीं आवडावयास हवी होती त्या वेळीं आवडली नाहीं! यावर व्यवहारी माणसाचें उत्तर ठरलेलें आहे: दुकान चालविणारा गिऱ्हाइकाच्या मनांतील प्रेम मोजीत नाहीं, गल्ल्यांतील नाणें मोजतो.

मालिका वांचविण्यासाठीं चाहत्यांनीं पुष्कळ धडपड केली. अशी धडपड कांहीं नवी नव्हे. १८९३ च्या डिसेंबरांत कॉनन डॉइल यांनीं शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहींसा केला, तेव्हां 'स्ट्रँड' मासिकाचे वाचक संतापले होते. शेवटीं १९०३ सालीं डॉइलसाहेबांस त्याला जिवंत परत आणावा लागला. 'स्टार ट्रेक' या मालिकेवर गदा येणार असें दिसतांच १९६७-६८ च्या हिवाळ्यांत ट्रिंबल नांवाच्या एका दांपत्यानें देशभरच्या चाहत्यांकडून पत्रांचा असा पाऊस पाडविला, कीं मालिका चालू राहील असें संस्थेस पडद्यावरून जाहीर करावें लागलें. गंमत अशी कीं ती संस्था हीच एन. बी. सी., आणि वांचविलेल्या 'स्टार ट्रेक'ला तिनें जी वेळ दिली ती शुक्रवार रात्रीं दहा, हीच! १९६९ सालीं तीही बंद पडली. २००७ सालीं 'जेरिको' नांवाच्या मालिकेच्या चाहत्यांनीं सी. बी. एस. या संस्थेच्या कचेरींत कित्येक टन शेंगदाणे पाठवून दिले, कारण मालिकेच्या शेवटच्या भागांत 'नट्स' हा शब्द आला होता. संस्थेनें सात भाग आणखी दिले, आणि २००८ सालीं पुन्हा पडदा पाडला.

कॉन्स्टंटाइनच्या वांट्याला याहून निराळें दैव आलें. मालिका परत आली नाहीं, पण माणूस परत आला. ४ नोव्हेंबर २०१५ रोजीं 'ॲरो' या दुसऱ्याच मालिकेच्या एका भागांत तोच मॅट रायन, तोच कोट घालून उभा राहिला. २०१७ सालच्या एका व्यंगपटांत त्याचा आवाज ऐकूं आला. पुढें 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या मालिकेंत तो २०२१ पर्यंत राहिला, आणि जी गोष्ट पहिल्या मालिकेनें टाळली होती, ती, म्हणजे त्याचें एका पुरुषावरील प्रेम, येथें उघडपणें दाखविली गेली. कन्या म्हणते, हा चाहत्यांचा विजय. पुतण्या म्हणतो, हा विजय नव्हे. वाडा पाडला आणि त्याचा एक खांब दुसऱ्याच्या माजघरांत नेऊन उभा केला, त्याला घर वांचलें असें म्हणतां येईल काय? ती दुसरी मालिकाही २०२२ सालीं ऐन पेंचाच्या जागीं बंद पडली, हें येथें सांगितलें पाहिजे.

आतां या साऱ्या वादांत माझें मत काय, असें आपण विचाराल. मास्तरला निकाल देण्याची संवय असते, म्हणून मींही तो द्यावयास बसलों. मालिकेच्या चौथ्या भागाचा मीं दाखला घेतला. 'हेलब्लेझर'च्या पहिल्याच दोन अंकांवरून तो रचलेला आहे. गॅरी नांवाचा एक व्यसनी, दुबळा मित्र. न्यूकॅसलच्या त्या रात्रीं तोही हजर होता. त्याच्या हातून भुकेचें एक पिशाच मोकळें सुटतें, आणि तें कोठें तरी कोंडल्यावांचून गत्यंतर नसतें. कॉन्स्टंटाइन तें त्या मित्राच्याच देहांत कोंडतो आणि त्याला मरूं देतो. गांव वांचतें, मित्र जातो. तो भाग पाहून मी पुतण्यास म्हणालों, "अरे, यांत धूर कोठें आहे? आणि तरी हा तुझाच माणूस आहे कीं नाहीं?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, आहे. पण यांतही किंमत दुसऱ्यानेंच दिली. स्वतःची किंमत तो कधीं देणार, तें या मालिकेंत दिसलेंच नाहीं." त्यावर कन्या लगेच म्हणाली, "दादा, दिसणार कसें? पुढें जाऊं दिलें असतें तर दिसलें असतें."

श्रोतेहो, या एका वाक्यापाशीं मी थबकलों. कारण सर्व वादाची कळ मला तेथें सांपडली. पुढें सिगारेट आली असती काय? कर्करोगाची ती गोष्ट आली असती काय? त्याच्या मनाचा जो कोपरा झांकून ठेवला होता तो उघडला असता काय? कोणासही ठाऊक नाहीं. पूर्ण झालेल्या ग्रंथाविषयीं मतभेद झाला तर पान उघडून बोट ठेवतां येतें; 'हेलब्लेझर'च्या ३०० व्या अंकाच्या शेवटाचा अर्थ काय याविषयींही वाचक भांडतात, पण शेवट समोर आहे, आणि भांडण त्याच्याभोंवतीं फिरतें. येथें तसें नाहीं. तेराव्या भागाच्या अखेरीस, आजवर नायकाच्या पाठीशीं उभा असलेला मॅनी नांवाचा देवदूत हाच साऱ्या काळ्या कारस्थानाचा सूत्रधार आहे असें एकाएकीं उघडकीस येतें, आणि पडदा पडतो, तो कायमचा. त्यानें असें कां केलें, नायकाला तें कधीं कळलें, त्या लहान ॲस्ट्राचा आत्मा सुटला कीं नाहीं, या मालिकेपुरतें यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर उरलें नाहीं. मग प्रत्येकानें आपापल्या मनांत पुढली मालिका रचली. पुतण्याच्या मालिकेंत संस्था भित्री ठरते आणि नायक मिळमिळीत होत जातो. कन्येच्या मालिकेंत तो हळूहळू खुलतो आणि सर्व आक्षेपकांचीं तोंडें बंद होतात. ज्या दोन गोष्टी कोणी लिहिल्याच नाहींत, त्यांच्यावरून हीं दोघें भांडत आहेत. असा वाद मिटणार कसा?

तेव्हां मीं निकाल द्यावयाचा सोडला, आणि निराळा प्रश्न विचारला: गोष्ट अशी अर्ध्यावर टाकण्याचा दोष कोणाकडे? संस्थेला मालिका बंद करण्याचा हक्क होता, याविषयीं मला शंका नाहीं. तोट्याचें दुकान चालवा असें कोणी कोणास म्हणूं शकत नाहीं. परंतु बंद करणें निराळें आणि अर्ध्यावर टाकणें निराळें. कीर्तनकार रात्र फार झाली म्हणून आख्यान आंवरतें घेतो. पण आंवरतें घेतो, मध्येंच उठून जात नाहीं. आणखी एक भाग, निदान अर्धा तास, कर्त्यांना निरोपासाठीं दिला असता, तर एवढ्या मोठ्या संस्थेचें काय गेलें असतें? दुसऱ्या बाजूनें कर्त्यांसही मी विचारीन, कीं तेरांवर थांबावें लागणार हें नोव्हेंबरांत कळलें होतें, तर फेब्रुवारींतील शेवटच्या भागांत नवें कोडें घालण्याऐवजीं जुनें कां सोडविलें नाहीं? माझ्या या प्रश्नावर कन्या रागावली. ती म्हणाली, "बाबा, ज्याला अजून जगण्याची आशा आहे तो मृत्युपत्र लिहीत बसत नाहीं. त्यांनीं शेवट लिहिला असता तर संस्थेला आयतेंच कारण मिळालें असतें." तिच्या म्हणण्यांत तथ्य आहे. आशा हा कांहीं गुन्हा नव्हे. तरी मला असें वाटतें, कीं ज्यानें लाखों माणसांना आपल्या गोष्टीजवळ बोलावून बसविलें, त्यानें मृत्युपत्र नव्हे, पण किल्ल्या कोठें ठेवल्या आहेत एवढें तरी सांगून ठेवावें.

आतां एक कबुली देऊन हें भाषण संपवितों. मी हा सारा उपदेश करूं लागलों आणि मला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आठवली. नोकरींत असतांना एके दिवशीं इतिहासाच्या तासाला मागल्या बांकावरचा एक मुलगा पुस्तकाआड पुस्तक धरून वाचीत असलेला मला दिसला. तें भुताच्या गोष्टीचें, चित्रांचें, स्वस्तांतलें पुस्तक होतें. मीं तें काढून घेतलें. तास संपल्यावर तो माझ्या मागें आला आणि म्हणाला, "सर, चारच पानें राहिलीं आहेत. तेवढीं येथें उभ्यानें वाचतों आणि पुस्तक तुमच्यापाशींच ठेवतों." मीं त्याला वर्षअखेरीस ये म्हणून सांगितलें. वर्षअखेर येण्यापूर्वींच त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो शाळा सोडून गेला. पुस्तक माझ्या कपाटांत राहिलें, आणि निवृत्त होतांना इतर कागदपत्रांबरोबर घरीं आलें.

परवां मीं तें काढून वाचलें. गोष्ट अगदीं सामान्य आहे. शेवटच्या चार पानांत भूत निघतें तें घरचाच एक नोकर, आणि वाड्यांतील चोरलेला पेटारा सांपडतो. यापेक्षां बरा शेवट त्या मुलानें स्वतःच मनांत रचला असेल, असें म्हणून मीं स्वतःचें समाधान करून पाहिलें. पण झालें नाहीं. तासाला तें पुस्तक काढून घेण्याचा मला अधिकार होता, आणि आजही मी तें काढून घेईन. परंतु तीं चार पानें त्याचीं होतीं. पुस्तक ठेवून घेऊन पानें वाचूं देण्यास मला पांच मिनिटें लागलीं असतीं, आणि शिस्तीचें कांहींएक बिघडलें नसतें. त्या मुलाचा चेहरा मला आठवतो, आणि कॉन्स्टंटाइनचे चाहते दहा वर्षांनंतरही कां भांडतात, हें मला त्या चेहऱ्यावरून समजतें. भांडण सिगारेटचें नाहीं, उच्चाराचें नाहीं, शिरगणतीचेंही नाहीं. "तेवढीं चार पानें वाचूं द्या" एवढेंच त्यांचें मागणें आहे. आणि तें देणारा आतां कोणी जागेवर नाहीं, म्हणून तीं एकमेकांशीं भांडतात.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशी भांडणें होत असतील. कोणाच्या मालिकेवरून, कोणाच्या कादंबरीवरून. वडीलधाऱ्यांनीं त्यांना पोरखेळ म्हणून हंसूं नये, एवढीच माझी विनंती आहे. आणि ज्यांच्या हातीं गोष्टी चालविणें व थांबविणें आहे, मग ते मोठ्या संस्थेचे चालक असोत कीं शाळेंतले मास्तर, त्यांनीं थांबवावयाचें तेव्हां अवश्य थांबवावें. मात्र समोरच्या माणसाचीं चार पानें त्याला वाचूं देऊन मग थांबवावें.

त्या पुस्तकाचा धनी आज चांगला जाणता, मुलाबाळांचा गृहस्थ असेल. नभोवाणीवरून हा आवाज त्याच्या कानीं पडलाच, तर त्यानें तें घेऊन जावें. मीं तें कपाटांतून काढून टेबलावर ठेविलेलें आहे.